पुस्तकात नसलेलं कोमट पाणी

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी एका पुस्तकावर चार माणसांत उभा राहून बोललो. ही बढाई आहे, आणि ती मी मारणार.

माझं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. एक खोली, दोन स्टुलं, एक खिडकी. आमची ही दुपारी डबा घेऊन यायची आणि दिवस कलेपर्यंत बसून मला पुस्तक वाचून दाखवायची. मला वाचता येत नव्हतं. आमच्या कामात खिळे तोंडात धरायचे, एकेक काढायचा आणि ठोकायचा. त्यामुळे ती वाचायची तेव्हा मला फक्त "हं" म्हणता यायचं. ती म्हणायची, "खिळे आहेत तोवर तरी निमूट ऐकता. नाहीतर एक ओळ पुरी होऊ दिली नसतीत."

शेवटचं पुस्तक एका सैनिकाचं होतं. लढाई संपते आणि तो तेरा दिवस चालत घरी निघतो. अकरा पानं उरली होती तेव्हा ती आजारी पडली आणि दीड महिन्यात गेली. खुणेला घातलेली चामड्याची पट्टी तिथंच राहिली.

लेक म्हणाली, "बाबा, आणा इकडे. अकरा पानं तर आहेत, तासाभरात वाचून दाखवते."

"नको."

"मग कोण वाचणार? तुम्ही?"

"हो, मीच."

रागाच्या भरात बोललो, पण बोलून बसलो. दुसऱ्या दिवशी मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग दुपारी चारला. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षा लहान. शेजारी एक इस्त्रीवाला आणि एक भाजीवाली मावशी. मी वाचायला लागलो की ओठ घट्ट मिटायचे. इतक्या वर्षांची सवय, मान खाली गेली की तोंड बंद. बाई म्हणायच्या, "काका, तोंड उघडा. आत खिळे नाहीत आता." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि घरी जाऊन भिंतीसमोर तोंड उघडून वाचायचो. वर्षभर हेच केलं.

वर्षाच्या शेवटी परीक्षा. प्रत्येकानं एका पुस्तकाबद्दल बोलायचं आणि त्यातलं आधी न वाचलेलं एक पान वाचून दाखवायचं, म्हणजे पाठांतर चालणार नाही. पास झालात तर पुस्तकं घरी न्यायला मिळणार, नाहीतर पुन्हा पहिलाच वर्ग. न वाचलेली पानं माझ्याकडे होतीच. मागची पानं मात्र मी उघडलीही नव्हती. ऐकलेलं परत कशाला वाचायचं? हीच माझी चूक झाली.

घरच्यांना बोलावलं होतं. लेक मागच्या बाकावर बसली. मी उभा राहिलो आणि पुस्तकातलं मला काय आवडलं ते सांगितलं. सैनिक दिवसभर चालतो आणि संध्याकाळी मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसतो. खिशात भाजलेले शेंगदाणे असतात, ते मोजून खातो. सातव्या दिवशी कुणीतरी त्याला उन्हात वाळलेली चादर देतं, तर तो झोपायच्या आधी नुसता तिचा वास घेत बसतो. मी म्हणालो, "एवढी लढाई बघून आलेला माणूस, पण त्याला सुख कशाचं, तर गरम पाण्याचं. मला ते पटलं."

बाईंनी पुस्तक आधी वाचून ठेवलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, हे पुस्तकात नाही."

"आहे की."

त्यांनी पान काढून दाखवलं. सातवा दिवस. 'तो चालत राहिला.' बस, एवढंच. आठवा दिवस, तेच. पाणी नाही, शेंगदाणे नाहीत, चादर नाही.

इस्त्रीवाला म्हणाला, "काका, दुसऱ्याचे कपडे आणलेत की काय?" वर्ग हसला.

माझे कान तापले. कामावरून आलो की घरी कोमट पाण्याची बादली तयार असायची. मीठ आमची हीच घालायची. शेंगदाणे माझ्या खिशात असायचे आणि चादरींचा वास घ्यायची खोड तिची. ती पुस्तकात बघून आमचंच घर वाचत होती, आणि मी तोंडात खिळे धरून "हं, हं" करत होतो!

"काका, हे कुणी सांगितलेलं आहे का?" बाईंनी विचारलं. "तुम्ही स्वतः वाचलंय ना?"

"मागचं ऐकलंय. पुढचं वाचतो," मी म्हणालो आणि चामड्याची पट्टी काढली.

एक पान पुरे होतं. मी अकराही वाचली. पहिल्या दोन पानांवर अडखळलो, नंतर जीभ सैल झाली. बाई शेजारी उभ्या राहून ओळींवरून बोट फिरवत होत्या. मावशीला भाजीची गाडी लावायची होती, तरी ती उठली नाही. इस्त्रीवाला मध्येच म्हणाला, "पोचतो का हो शेवटी?" मावशी त्याच्यावर खेकसली, "गप बस की मेल्या."

शेवटची ओळ आली. 'दार उघडंच होतं. तो आत गेला.' खाली कोरा कागद.

मला ते काही रुचलं नाही. तेरा दिवस चाललेला माणूस बूट घालूनच आत गेला? बूट आणि पाय यांतलं मला कळतं. मी मान वर केली नाही. त्याच आवाजात कोऱ्या कागदावरून वाचत राहिलो, "त्यानं दारातच बूट काढले. आत बादली तयार होती. पाणी कोमट होतं. त्यानं पाय सोडले आणि म्हणाला, आलो बरं का."

बाईंचं बोट शेवटच्या टिंबावर थांबलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणखी आहे का, काका?"

"नाही. संपलं."

त्यांनी वहीत 'पास' लिहिलं. ते मी उलटीकडून वाचलं.

टाळ्या पडल्या. इस्त्रीवाला पुस्तकात डोकं घालून म्हणाला, "हे शेवटचं कुठंय?" मी म्हणालो, "तुलाही वाचता येतं ना आता? शोध."

दोन नवी पुस्तकं काखेत मारून मी छाती काढून रस्त्याला लागलो. लेक बरोबर चालत होती. मग म्हणाली, "बाबा, ते शेवटचं आईनं सांगितलेलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "ते माझं."