बाराव्या आठवड्याची कुपी

कोणीतरी गप्प बसलं. तोंडात जीभ होती, समोर बायको होती, सांगायला हजार दिवस होते, आणि तरी कोणीतरी गप्प बसलं. त्या गप्प बसण्यातून माझा जन्म झाला.

मी रक्तद्रवाची कुपी बोलतेय. करंगळीच्या दोन पेरांएवढी, निळ्या झाकणाची. रक्तातल्या पेशी खाली बसवल्या की वर जो फिकट पिवळा द्रव उरतो, तो माझ्या पोटात आहे. अंगावर नाव नाही. एक क्रमांक आणि ‘आठवडा बारावा’, म्हणजे आजार कळल्यापासूनचा, एवढंच. गेली नऊ वर्षं मी उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत उभी आहे. थंडीत राग शांत होतो म्हणे. माझा गोठला. आणि गोठलेली वस्तू नासत नाही, एवढं लक्षात ठेवा.

ज्या बाईच्या शिरेतून मी आले, ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. फिरत्या चाकावर भिंगाचा काठ धरायचा, वरून पाण्याची धार, आणि चौकटीत टिचकीसरशी बसेल इतकंच घासायचं. केसभर जास्त गेलं की भिंग वाया. एका सोमवारी तिचा हात थरथरला. ताप, घशात आग, मानेत गाठी, छातीवर लाल पुरळ. मालक म्हणाले, “घरी जा पोरी. आज भिंगाऐवजी बोट घासशील.”

ती दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून पट्टीवर थेंब टाकला. एकच रेघ, म्हणजे काही नाही. दुसऱ्या कोणी तिला तापाच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं असतं. पण ही पट्टी चोराला शोधत नाही, चोरामागे धावणाऱ्या शिपायांना शोधते. ते शिपाई म्हणजे प्रतिपिंडं, आणि लागण अगदी नवी असली तर ती अजून झोपेतून उठलेलीच नसतात. बाईंना पुरळाचा संशय आला. त्यांनी थेट विषाणूच शोधायला रक्त पाठवलं. थेंबाथेंबात लाखांनी एचआयव्ही निघाला. पुढे ती दवाखान्याच्या अभ्यासासाठी ठरलेल्या आठवड्यांना रक्त देत राहिली.

आता आतली लढाई सांगते, कारण बाहेरच्या माणसांना ती दिसत नाही.

पहिल्या धावल्या त्या मारेकरी पेशी. लागण झालेली पेशी आपल्या दारात विषाणूचा एक तुकडा टांगते. तो ओळखून मारेकरी पेशी तिचा निकाल लावते. पहिल्याच महिन्यात त्यांनी असं झोडपलं की लाखांचे हजार झाले. जिंकलो, असं वाटलं. पण या विषाणूचा नक्कल उतरवणारा कारकून महा धांदरट. चार-दोन नकलांमागे एक चूक ठरलेली. चुकलेल्या बहुतेक नकला जन्मताच मरतात. कोट्यवधींत एखादीचा मात्र नेमका तो दारात टांगायचा तुकडाच बदललेला असतो. मारेकरी पेशी येते, बघते, ‘हा तो नव्हे’ म्हणत पुढे जाते. काही आठवड्यांत त्या एकीचंच गोत अंगभर पसरतं. यात हुशारी काही नाही हो, नुसता गोंधळ! गोंधळ्याकडून हरण्याचा संताप कसा असतो, ते मला विचारा.

त्यात या विषाणूने बिऱ्हाड केलं तेही कुठे, तर लढाईचे हुकूम देणाऱ्या सहायक पेशींतच. काही पेशींत तर तो पहिल्या दिवसांतच जाऊन निजला. श्वाससुद्धा ऐकू येऊ नये असा.

मग आलो आम्ही, माझ्या पोटातली प्रतिपिंडं. त्याचा चेहरा पाठ करून, कुठे पकडायचं ते ठरवून आलो. तोवर त्याने पकडायची जागाच बदलली होती. अंगावर शरीराच्याच साखरेची गोधडी ओढली होती, म्हणजे बघणाऱ्याला घरचाच वाटावा. आम्ही पुन्हा चेहरा पाठ केला. त्याने पुन्हा बदलला.

याचा पुरावा प्रयोगशाळेतल्या, रक्ताचे नमुने घेणाऱ्या ताईंनी स्वतः काढला. माझे काही थेंब त्यांनी तिसऱ्या आठवड्याच्या विषाणूवर टाकले. साफ! एकही उरला नाही. मला वाटलं, झाला सूड. मग तेच थेंब बाराव्या आठवड्याच्या, म्हणजे माझ्याच दिवसाच्या विषाणूवर टाकले. तो खुशाल वाढत राहिला. ताई पुटपुटल्या, “वरातीमागून घोडं.” मी मारलं ते कोणाला, तर जो केव्हाच पसार झाला होता त्याला.

इकडे घरात वेगळीच लढाई. बाईचा नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोचं निघालं म्हणून त्याचीही तपासणी झाली, आणि त्याच्या पट्टीवर दोन रेघा ठळक उमटल्या. पाच वर्षांच्या लेकीचं, चिमीचं रक्त सुदैवाने स्वच्छ होतं. पण सासूने हिशेब मांडला तो असा: आधी सुनेचं कळलं, मग मुलाचं, म्हणजे आणलं कोणी? सुनेने. बाईला घराबाहेर काढलं, चिमीला ठेवून घेतलं. नवरा मान खाली घालून पायातले बूट बघत बसला. मालकांनी दुकानामागची खोली दिली, तिथे ती राहू लागली. दिवसभर भिंगं घासायची, आणि संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी दुरून मुलगी बघायची.

बाराव्या आठवड्यात माझ्यासाठी हात पुढे करताना ती ताईंना म्हणाली, “मला औषध नको. मला सूड हवाय.”

“या खिडकीत नुसतं रक्त घेतात,” ताई म्हणाल्या. “मूठ आवळा.”

“सासूबाई म्हणतात, चिमीला तुझी सावली पडू देणार नाही. मी काय केलं हो ताई? मी फक्त लग्न केलं.”

ताईंनी सुई काढून कापूस दाबला. त्या रात्रीच्या बसने घरी गेल्या नाहीत की काय, दुसऱ्या सकाळी त्यांचा डबा तसाच भरलेला होता आणि यंत्रावर दोघांच्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं अक्षरन् अक्षर वाचली जात होती. दोघांची संमती होती. नवऱ्याने सही केली, कारण आईसमोर नाही म्हणायला कारण सापडेना.

सोळाव्या आठवड्यात बाई, नवरा आणि सासू अशी तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आली. बाईंनी आधी नवऱ्याला विचारलं, “आईंसमोर सांगितलं तर चालेल?” तो उत्तर देण्याआधीच सासू म्हणाली, “जे काय ते माझ्यासमोर. लपवायला आम्ही काही केलेलं नाही.” त्याने मान हलवली.

“कोणी कोणाला दिलं, हे यंत्र सांगत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कोणाचं किती जुनं, एवढंच कळतं. अंगात हा विषाणू बहुतेक वेळा एकटाच शिरतो. मग पाठलाग सुरू झाला की चेहरे बदलतो. सुनेच्या पहिल्या रक्तात एकच चेहरा आहे. बाराव्या आठवड्यात तोच, फक्त मिशी लावलेला. मुलाच्या रक्तात मात्र भरलेला बाजार आहे. इतके चेहरे व्हायला वर्षं लागतात.”

सासू खुर्चीच्या काठावर आली. “बाटल्या बदलल्या असतील. इथे सगळ्या सारख्याच दिसतात.”

तेव्हा ताई मला आणि त्याच्या कुपीला बर्फाच्या पेटीत घालून खोलीत घेऊन आल्या. “आजी, हा क्रमांक सुनेचा, हा मुलाचा. नोंदीत दोघांच्या सह्या आहेत. सही ओळखता ना मुलाची?”

सासूने वहीकडे बघितलंच नाही. “सही काय, कोणीही करेल.”

“बदललेल्या नाहीत, आई,” नवरा म्हणाला.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“कळतंय. तीन वर्षं झाली. कंपनीच्या तपासणीत निघालं होतं. मी... धीरच झाला नाही.”

सासू हळूच म्हणाली, “आणि चार महिने तू मला हिला वाट्टेल ते बोलू दिलंस?”

मी बर्फात उभी होते, पण माझा थेंबन् थेंब पेटला होता. अरे विषाणू, आमच्या हातून निसटायला तू चेहरे बदललेस ना? त्याच चेहऱ्यांनी तुझं वय सांगितलं. आमची पकड चुकली असेल, पण आमच्या पाठलागाचे वळ तुझ्या अंगावर उमटलेत, आणि ते वाचता येतात!

बाई रडली नाही. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. सासूला म्हणाली, “चिमीचे कपडे भरून ठेवा. संध्याकाळी न्यायला येते. दारात आडवं कोण येतं, ते बघू.”

मग डॉक्टरीणबाईंनी उरलेलं सांगितलं, आणि माझा अर्धा सूड तिथेच आटला. नवऱ्याच्या सहायक पेशींचा आकडा औषध सुरू करायच्या ठरलेल्या मर्यादेखाली घसरला होता, म्हणून त्याला लवकरात लवकर गोळ्या. बाईचा अजून मर्यादेच्या वर, म्हणून तिने थांबायचं. तेव्हाचा नियमच तसा. ज्याने लपवलं त्याला औषध, जिला फसवलं तिला तारीख. चौदा महिने ती थांबली, आणि विषाणू तेवढे चौदा महिने नवे चेहरे चढवत राहिला. आता नियम बदललाय. कळलं की लगेच, जमलं तर त्याच दिवशी गोळ्या देतात. तिच्या चौदा महिन्यांची माफी मात्र कोणी मागितलेली नाही, आणि मी ती देणारही नाही.

आता माझ्यात जेमतेम पाच-सहा थेंब उरलेत. पुढच्या प्रयोगात संपेन. जाताना एकच मागते. तुमच्याकडेही त्याच्यासारखा दडवलेला तपासणीचा कागद असेल, तर आज काढा. उद्या नको. तुमच्या घरात कोणाच्या तरी रक्तात मी तयार होत असेन, आणि मी नेहमी उशिराच पोचते.

त्या दिवशी ताई पेटी घेऊन परत निघाल्या तेव्हा सासू बाहेरच्या बाकावर बसली होती. फरशी पुसणाऱ्या मावशींना तिने विचारलं, “माझ्या मुलाला गोळ्या लिहून दिल्यात. त्या कुठल्या खिडकीत मिळतात हो?”

मावशींनी फडकं पिळलं. “सुनेला विचारा. चार महिने ती एकटीच इथल्या खिडक्या पालथ्या घालतेय.”