मायलेकींची पहिली फेरी

आईचा फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात साबणात होते, म्हणून निरोप लेकीनंच उघडला. चित्रकला महाविद्यालयाचा होता. पहिल्याच फेरीत निवड झाल्याबद्दल अभिनंदन, उद्यापर्यंत जागा निश्चित करावी.

तिनं तो पुन्हा वाचला. नाव आईचंच होतं. लेकीचा स्वतःचा फोन सकाळपासून हातातच होता, आणि मुका होता.

"कुणाचा गं?" आईनं विचारलं.

"तुझं झालं."

थट्टा समजून आई हसली. मग लेकीच्या तोंडाकडे बघून तिनं हसू आवरलं आणि हात पुसायला फडकं शोधू लागली, फडकं तिच्या खांद्यावरच होतं तरी.

लेकीला निरोप आला तो अंधार पडताना. अर्ज पुढच्या फेरीसाठी राखून ठेवला आहे, एवढंच.

अर्ज आईनं नुसता सोबत म्हणून भरला होता. एकटीनं वाट बघितली की जीव टांगणीला लागतो, दोघींनी बघू, असं म्हणाली होती आणि घरात सगळे हसले होते. लेकीनं दोन वर्षं शिकवणी लावून छायाप्रकाश घोटला होता. आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या कागदी पिशव्यांवर पेन्सिलीनं तोंडं काढायची, नवा चष्मा घालून आरशात बघणाऱ्या माणसांची. मुलाखतीला तिनं त्या पिशव्याच नेल्या. बाहेरच्या बाकावर लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्यातली एक पिशवी तिनं हळूच बघितली होती. एक म्हातारा, चष्मा नाकावर, आरशातल्या माणसाला 'आपण कोण?' असं विचारत असल्यासारखा. तेव्हापासून मनात काहीतरी डाचत होतं. त्याला लाज म्हणणं सोयीचं होतं.

बाबा कामावरून आले ते आईचं झालं एवढी अर्धीच बातमी घेऊन. दोघी कलाकार झाल्यावर भाजी चिरायची कुणी, असं दारातूनच म्हणाले. उरलेली बातमी कळल्यावर चप्पल काढता काढता थांबले. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला आले, तर तिनं मान बाजूला घेतली.

जेवताना आई मधेच म्हणाली की आपलं काय, आपण गंमत म्हणून भरलं होतं, आपण काही जाणार नाही. या वयात पोरांच्या मांडीला मांडी लावून बसायचं म्हणजे हसं व्हायचं. शिवाय दुकान कोण सांभाळणार?

बाबांनी लेकीकडे बघितलं. लेक ताटाकडे बघत होती. तिला एकदम भूक लागली.

"बरं," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. "थोडं वाढ ना."

आईचा डाव भांड्यावरच थांबला. तिनं लेकीकडे नीट बघितलं, दुकानात गिऱ्हाइकाकडे बघायची तसं. मग वाढलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

जेवणं झाली, ताटं उचलली गेली. ओटा पुसता पुसता आई पाठमोरीच म्हणाली,

"मी जाते आहे."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"कॉलेजला."

लेकीचे कान तापले. "आत्ताच तर नाही म्हणालीस."

"म्हणाले खरी." आईनं फडकं पिळलं. "मला वाटलं होतं, तू निदान 'का' म्हणून विचारशील."

लेक खोलीत गेली, दार लावलं, चित्रांची मोठी फाइल उघडली आणि मिटली. बाहेर बाबांचा दबका आवाज येत होता. पुढच्या फेरीचं होईपर्यंत तरी थांब, असं काहीतरी.

बऱ्याच वेळानं ती पाणी प्यायला उठली. आई एकटीच टेबलाशी बाकावर बसली होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढ्यात फोन. सगळं वाचत होती, ओळीखाली बोट ठेवून. एरवी तिनं लेकीला मदतीला केव्हाच हाक मारली असती. लेक पेला हातात घेऊन दारात उभी राहिली. आई मान वर न करता बाकावर जराशी सरकली.

लेक बसली. तिथून फोनचा पडदा स्पष्ट दिसत होता, जागा निश्चित करायचं पान उघडं होतं. आईचं बोट अधांतरी थांबलं होतं.

"खालचं बटण," लेक शेवटी म्हणाली.

"माहीत आहे," आई म्हणाली, आणि तिनं ते दाबलं.