वीस आणि सदतीस

पेल्यावरची निळी रेघ... पाणी तिच्याखाली बोटभर राहिलं होतं, आणि वजनमाप खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या त्याच्या डोळ्यांना ते खुपलंच – किरणोपचाराआधी मूत्राशय भरलेलं हवं म्हणून बजावतात आणि स्वतःच माप मारतात! त्याने उठून पेला काठोकाठ भरून घेतला. आज अकरावा दिवस. एकूण वीस. शेजारच्या खुर्चीतल्या शिंप्याला मात्र सदतीस; फायलींवर ठळक लिहिलेलंच असतं. दुखणं तेच, प्रोस्टेटच्या कर्करोगाचं, यंत्रही तेच.

'लवकर सुटताय ना, मग गप्प बसा की,' बायको म्हणाली होती. पण लवकर का सुटायचं? उभ्या जन्मात त्याला कुणी फुकट सूट दिली नव्हती. ज्या दुकानदारांनी देऊ केली, त्यांची वजनं त्याने उलटी करून पाहिली होती आणि बुडाशी पोकळी सापडली होती. त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलंही होतं. 'रोजची मात्रा मोठी, म्हणून दिवस कमी. तीन एकक, वीस वेळा.' आणि जुन्या पद्धतीत? 'दोन, सदतीस वेळा.' म्हणजे इकडे साठ, तिकडे चौऱ्याहत्तर – वरचे चौदा गेले कुठे? त्या हसल्या होत्या. 'काका, शरीर तराजूसारखी बेरीज करत नाही. हजारो रुग्णांवर तपासलंय, गुण सारखाच येतो.' पण हसल्या का? पकडला गेला की दुकानदारही आधी हसायचाच... की म्हाताऱ्यावर कशाला यंत्र झिजवा, असं तर – छे. पण असेलही.

'एक विचारू?' शिंपी खालच्या आवाजात म्हणाला. आजवर दोघांत मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं. 'तुमचं विसात भागतंय. मला सदतीस. आतड्याचं जुनं दुखणं आहे म्हणून बेताबेतानं देतो, म्हणतात. थापा असणार. माझं पसरलंय, हो ना?'

सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला त्याचा अंगठा फायलीची कड घासत होता.

'नाही हो. गुण सारखाच येतो. हजारोंवर तपासलंय.'

'खरंच?'

'अगदी.'

शिंप्याचे खांदे सैलावले. आणि तो स्वतःच चपापला... पारखून न घेतलेल्या मापाची हमी त्याने कधी दिली नव्हती, आणि आत्ता दिली होती – जराही न चाचरता. खोटं बोललो का आपण? की खरं होतं, आणि आपणच...

आतून त्याला हाक आली. तो उठला. संशय होता तोवर कुणाशी तरी भांडत होतो, असं त्याला वाटलं. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. नुसती भीती होती, आणि ती शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या भीतीहून तसूभरही वेगळी नव्हती.