गोकर्णाचा आवाज

माझी बायको गोकर्णा गेल्याचं डॉक्टरांनी चिखलीच्या दवाखान्यात सांगितलं, तेव्हा माझ्या पिशवीत अर्धं लिंबू होतं. बीटी कपाशीवर फवारायचं औषध कालवताना तिला विषबाधा झाली होती. दुपारपर्यंत मी तिला घरीच लिंबूपाणी पाजत बसलो, तिच्याच सांगण्यावरून.

तो उपाय मोबाइलवर आला होता. कापूस वेचणाऱ्या बायांना वाचता येत नाही, म्हणून तिनं तो बोलून गावच्या ग्रुपवर टाकला होता. "बायांनो, फवाऱ्यानं चक्कर आली तं लिंबूपाणी प्या, दवाखान्याची गरज नाही. जिवाले जपा." मूळ कोणी लिहिलं, हे कोणीच विचारलं नाही. आवाज गोकर्णाचा होता, तेवढं पुरलं.

तेरावं झाल्यावर मीही ग्रुपवर बोललो, "ते खोटं आहे. आधी दवाखान्यात न्या. तिचं बोलणं पुसून टाका."

शेजारची नूरजहां दारात आली. "भाऊ, तुमी पुसलं काय?"

"नाही."

"मंग आमाले काऊन सांगता?" ती रडता रडता हसली, आणि माझ्यासमोर तिनं ते पुसलं.

दुसऱ्या गावांत ते अजून फिरतं आहे. माझ्या फोनमधलं मी अजून पुसलेलं नाही.