पाळण्याखालची जागा

कुसगावच्या उरुसात जैतुनबीची पोर हरवली. हात सुटला आणि गर्दीनं तिला गिळलंच. "चुकलीस तर पाळण्याखाली उभी ऱ्हा," असं तिनं हुस्नाला बजावलं होतं. जैतुनबी लहान असताना तिचे अब्बा तिला बजावायचे, अगदी तसंच. पण रहाटपाळण्याखाली हुस्ना नव्हती.

वरून तरी दिसेल म्हणून जैतुनबी धावत जाऊन पाळण्यात बसली. पाळणेवाल्यांनी हातांनी रहाट ओढला. वर पोचताच पोर दिसली. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, गेल्या साली पाळणा होता त्या मोकळ्या जागी, मान वर करून उभी होती.

"थांबवा! माझी पोर तितं हाय!"

ढोलताशांत शब्द विरले, किंकाळी तेवढी खाली पोचली. पाळणेवाले हसले. जो किंचाळेल त्याला आणखी जोरात फिरवायचं, ही उरुसाची रीतच होती. लहानपणी ती मुद्दाम किंचाळायची आणि अब्बा खालून ओरडायचे, "अजून जोरात!"

ती जिवाच्या आकांतानं ओरडत राहिली, तसा पाळणा वेग घेत गेला. वर आली की हुस्ना दिसे, खाली गेली की नुसती डोकी. मग एकदा ती वर आली आणि त्या जागी कुणीच नव्हतं.

खालून कुणाचा तरी बाप खुशीत ओरडला, "अजून जोरात!"