कॉफीयंत्राची चावी आणि बंबवाले काका

मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे, पाण्याची! घरगुती कॉफीयंत्राच्या माथ्यावर लाकडी मूठ मिरवत बसलेली. मला उघडाल तेवढंच पाणी खालच्या कॉफीच्या भुकटीवर जातं. भुकटी त्याला अडवते, त्या ओढाताणीतून दाब तयार होतो आणि शेजारच्या दाबमापकाचा काटा तो दाखवतो. राबते मी, भाव खातो तो!

कारखान्यात पितळेतून घडले आणि बंबवाले काकांच्या घरी आले. काकांची उभी हयात आगीच्या बंबावर गेलेली. मोठ्या आजारातून उठलेल्या काकूंच्या तोंडाला चव नव्हती. ताट तसंच परत जायचं. "लग्नाआधी आपण हॉटेलात प्यायचो ना, तशी कॉफी मिळाली तर घेईन," असं त्या एकदा म्हणाल्या आणि काकांनी यंत्रच आणलं.

पण हात पडला बंबवाल्याचा! त्यांनी मला गरकन पूर्ण उघडलं. काटा टुणकन नऊवर गेला, कोरडी भुकटी फाटली, पाण्याने भेगेतून पळ काढला आणि काटा धपकन खाली आला. कपात पडलं आंबट, पांचट पाणी.

"अहो, कॉफी करताय की आग विझवताय?" काकू हसल्या, पण एका घोटावर कप बाजूला ठेवला. रोज तेच. शेवटी काकांनी खट्टू होऊन यंत्रावर फडकं टाकलं. मित्रांनो, त्या अंधारात मला काकूंसाठी फार वाईट वाटायचं.

एके सकाळी काकांनी खिडकीतल्या सुकलेल्या कुंडीत भांडंभर पाणी भडाभडा ओतलं. ते कडेने वाहून गेलं, माती आत कोरडीच.

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "आधी थोडं घाला, मुरू द्या. मग घाला हवं तेवढं."

काका कुंडीकडे बघतच राहिले. मग त्यांनी फडकं काढलं.

त्या दिवशी त्यांनी मला जरासंच उघडलं. भुकटी निवांत भिजली. पहिला थेंब दिसल्यावर त्यांनी मला हळूहळू सोडलं, तसा काटाही सावकाश चढला. शेवटी भुकटी सैल पडू लागली, तेव्हा मला थोडं आवळलं आणि काटा अलगद उतरला. कपात मधासारखी दाट धार पडली.

काकूंनी घोट घेतला. मग दुसरा. कप रिकामा करून काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरी खायला द्या ना. भूक लागलीय."

आता माझी मूठ झिजली आहे, आट्यांत क्षार साचतो. काका तो जुन्या ब्रशने मायेने काढतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला स्वच्छ ठेवा आणि हळू उघडा. कुणाची तरी भूक परत यायची वाट बघत असेल.