पाहुण्यांपुरतं उघडणारं कुलूप

मी कुलूप. अंगाने लोखंडी, स्वभावाने खुनशी. माझ्याकडे दयामाया मागू नका.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखादी तिजोरी सांभाळीन. नशिबी आलं शाळेतलं स्वच्छतागृह! वस्तीतल्या मुलींसाठी एका बाईंच्या देणगीतून बांधलेलं. पांढऱ्या फरशा, आरसा, वाहता नळ. उद्घाटनाला त्याच मुलींना रांगेत उभं करून फोटो काढले आणि पाहुणे पांगताच शाळेच्या अध्यक्षांनी मला बाहेरून अडकवलं.

"ह्या पोरी घाण करतील. पाहुणे आले तरच उघडायचं. एक जरी आत शिरली ना मामा, तर नोकरी गेली समजा."

शिपाईमामांनी धसकाच घेतला. दार नुसतं लोटलेलं दिसलं, की त्यांचा हात आपसूक माझ्याकडे यायचा.

मुली मागच्या भिंतीआड जायच्या. तिथे ना दार, ना पाणी. त्यातल्याच एकीचं नाव टिकली. तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं. मग तापाने फणफणली. तिची आई वर्गाच्या बाईंना घेऊन माझ्यासमोर आली.

"बाई, पोरीला लघवीला आग होते. दार उघडत नसाल तर हिला घरीच बसवते."

मी दात-ओठ खाल्ले. मला कधी कुणी तेल दाखवलं नव्हतं. पोटात गंज धरला होता. तो मी जपला. वाढवला.

देणगीदार बाई पुन्हा आल्या, तेव्हा स्वागताला मुली उभ्या होत्या. गडबडीत अध्यक्ष हळूच स्वच्छतागृहात गेले. मामा चहा देऊन परतले, तर दार लोटलेलं, मी उघडा, समोर टिकली. ही आता आत शिरणार, या धसक्याने त्यांनी मला अडकवून दाबलं.

खट्!

"अहो मामा! कुलूप काढा!" आतून अध्यक्ष ओरडले.

मामांनी घाईघाईने किल्ली फिरवली. मी ती अशी आवळली, की पोटातच मोडली. काय सांगू तो आनंद!

"मुलींचं आहे ना हे? मग बाहेरून कुलूप कशाला?" देणगीदार बाईंनी विचारलं.

"आम्हाला उघडतच नाहीत," टिकली म्हणाली.

"मी गुदमरतोय इथे!" आतून ओरड आली.

टिकली दाराजवळ गेली. "साहेब, जरा कळ काढा. आम्ही रोज काढतो."

शेवटी करवतीने माझी मान कापली. पण देणगीदार बाई जागच्या हलल्या नाहीत; घामाने निथळणाऱ्या अध्यक्षांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं, की ह्या दाराला पुन्हा कुलूप लागणार नाही. टिकली शाळेत टिकली. आता शाळेतही पोटभर पाणी पिते.

मी भंगारात पडलोय. भंगारवाले दादा, मला वितळवाल तेव्हा दाराच्या आतली कडी करा, पोरींच्या हातात राहणारी. पुन्हा असंच कुठे बाहेरून टांगलंत, तर सांगून ठेवतो: पुढच्या वेळी करवतसुद्धा चालू देणार नाही.